खाऱ्या वाऱ्यात टिकणारे प्लेटिंग : रत्नागिरी परिसरातील एका कारखान्याचा चार वर्षांचा अनुभव

मिरकरवाडा बंदरातील एका ट्रॉलरच्या विंचसाठी (दोर ओढण्याच्या यंत्रासाठी) मी पाच वर्षांपूर्वी पोलादी ब्रॅकेट करून दिले होते. ते ज्या ठिकाणी झिंक प्लेटिंगला, म्हणजे विजेच्या साहाय्याने जस्ताचा पातळ थर चढवायला, टाकले होते, तेथून सोन्यासारखे पिवळे झळकत परत आले आणि तांडेलाने, म्हणजे नौकेच्या प्रमुखाने, ते हातात घेऊन समाधानाने मान हलवली. नारळी पौर्णिमेनंतर नौका बाहेर पडली. शिमग्याच्या सुमारास ती किरकोळ दुरुस्तीसाठी किनाऱ्याला लागली, तेव्हा ब्रॅकेटच्या कडांवरून लाल गंज ओघळून डेकवर उतरलेला होता. तांडेल एवढेच म्हणाला, "भाऊ, एक हंगामसुद्धा नाही निघाला." मला त्यावर काही उत्तर देता आले नाही. पुढे त्याच ब्रॅकेटचा वॉशरखाली झाकलेला, अजिबात न झिजलेला भाग एका कारखान्यातील जाडीमापकाखाली धरला, तेव्हा झिंकचा थर जेमतेम ४ मायक्रॉन (एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) निघाला. ज्यांनी हे मोजून दाखवले, त्याच प्लेटिंग कारखान्याबद्दल मी येथे लिहीत आहे. नाव छापण्यास मालकांची संमती घेतलेली नसल्याने ते देत नाही. परंतु किनारपट्टीवर राहून लोखंडावर पोट भरणाऱ्या कोणालाही प्लेटरकडे जाताना काय विचारावे आणि काय पाहावे, हे या अनुभवातून नक्की कळेल.

माझे वर्कशॉप लहान आहे. दोन लेथ, एक मिलिंग मशीन आणि वेल्डिंगचे संच एवढ्यावर आम्ही मासेमारी नौकांच्या विंचचे भाग, जाळे ओढण्याचे रोलर, काजू कारखान्यांतील यंत्रांचे शाफ्ट आणि आंब्याचा गर काढणाऱ्या यंत्रांचे सुटे भाग बनवतो. गेल्या चार वर्षांत या कारखान्याकडे मी झिंक प्लेटिंग आणि इलेक्ट्रोलेस निकेल अशी दोन्ही कामे नियमित दिली असून गरम झिंकमध्ये बुडवून करायचे गॅल्व्हनायझिंगही त्यांच्यामार्फतच करून घेतले आहे.

पहिल्या भेटीत मी दर विचारला, तेव्हा मालकांनी उलट मला विचारले, "साहेब, वस्तू बसणार कुठे?" डेकवर, असे सांगताच त्यांनी झिंक प्लेटिंगचे काम घेण्यास नकार दिला. त्यांनी कागदावर मांडून दाखवलेला हिशेब माझ्या अजूनही लक्षात आहे. हवा धातूला किती खाते, याची वर्गवारी आयएसओ ९२२३ या मानकात केलेली आहे. त्यातील सी-५ या वर्गात, म्हणजे समुद्रकिनाऱ्यावरच्या खारट आणि दमट हवेत, झिंकचा थर वर्षाला साधारण ४.२ ते ८.४ मायक्रॉन या वेगाने झिजतो. त्याच्याही वरच्या सीएक्स वर्गात हा वेग २५ मायक्रॉनपर्यंत जातो, आणि लाटांचे तुषार सतत अंगावर घेणारा डेक या दोन्हींपैकी सौम्य वर्गात बसेल अशी आशा धरण्यात अर्थ नसतो. विजेच्या साहाय्याने चढवलेले झिंक सहसा ८ ते १२ मायक्रॉनचे असते. उलट ६ मिलिमीटरपेक्षा जाड पोलादाला गरम झिंकमध्ये बुडवले, तर आयएसओ १४६१ या गॅल्व्हनायझिंगच्या मानकाप्रमाणे सरासरी ८५ मायक्रॉन थर अपेक्षित असतो. म्हणजे एकाच सी-५ हवेत एक थर वर्ष-दोन वर्षांचा सोबती आणि दुसरा दहा वर्षांच्या पुढचा. माझ्या ४ मायक्रॉनच्या ब्रॅकेटचे काय झाले असेल, हे त्यांनी वेगळे सांगण्याची गरज उरली नाही.

ज्या कारखानदाराने समोर आलेले काम पहिल्याच दिवशी हातचे जाऊ दिले, त्याच्याकडे मी त्यानंतर सगळे काम नेऊ लागलो.

झिंक प्लेटिंगला ते कमी लेखतात, असा याचा अर्थ मुळीच नाही. छपराखाली राहणाऱ्या भागांसाठी, काजू कारखान्यातल्या गार्डसाठी किंवा बंद पेटीतल्या क्लॅम्पसाठी ते झिंकच सुचवतात आणि ते काम उत्तम करतात. झिंकचा मोठा गुण असा की ते लोखंडाच्या आधी स्वतः झिजते. थराला ओरखडा पडून खालचे पोलाद उघडे पडले, तरी भोवतालचे झिंक स्वतःचा बळी देत त्या उघड्या जागेला काही काळ सांभाळते. मालाच्या प्रत्येक लॉटमधले पाच नग काढून त्यांवरची जाडी माझ्यासमोर मोजण्याची आणि आकडे मालासोबतच्या चलनावरच लिहून देण्याची त्यांची पद्धत आहे. सपाट भागावर १० मायक्रॉन दिसत असतील, तर खोबणीत किती आहेत हेही ते लिहितात. वीज कडांकडे आणि टोकांकडे जास्त ओढली जाते आणि आतल्या कोपऱ्यांत कमी पोहोचते, त्यामुळे एकाच भागावर दोन ठिकाणी थर वेगवेगळा चढतो, ही गोष्ट लपवण्याऐवजी ते कागदावर उतरवतात. अशी चलने मी जपून ठेवली आहेत.

रंगाबद्दल येथे थोडे लिहिले पाहिजे, कारण आमच्या भागात अजूनही पिवळे प्लेटिंग म्हणजे भारी प्लेटिंग अशी समजूत आहे. तो पिवळा रंग झिंकच्या जाडीचा नसतो. झिंकवर शेवटी दिल्या जाणाऱ्या पॅसिव्हेशनचा, म्हणजे झिंकला सांभाळणाऱ्या अगदी पातळ रासायनिक थराचा असतो. पारंपरिक पिवळ्या पॅसिव्हेशनमध्ये सहा संयुजेचे क्रोमियम वापरले जाते आणि ते कर्करोगकारक आहे. या कारखान्यात तीन संयुजेच्या क्रोमियमचे पॅसिव्हेशन करतात, त्याची झळाळी निळसर असते. माझ्या दोन गिऱ्हाइकांनी माल फिका दिसतो म्हणून तक्रार केली होती. मी त्यांना चलनावरील आकडे दाखवले आणि माल ठेवून घेण्याची विनंती केली. दोघेही आज त्याच मालाची पुन्हा मागणी करतात.

कारखान्याचे खरे कसब मला इलेक्ट्रोलेस निकेलच्या कामात दिसले. एका ट्रॉलरच्या समुद्राच्या पाण्याने इंजिन थंड ठेवणाऱ्या पंपाचा शाफ्ट मी त्यांच्याकडे नेला होता. या पद्धतीत वीज वापरत नाहीत. निकेलच्या क्षारांच्या गरम द्रावणात हायपोफॉस्फाइट असते आणि रासायनिक क्रियेनेच निकेल व फॉस्फरस यांचा मिश्र थर पृष्ठभागावर बसत जातो. अमेरिकेत १९४६ साली अब्नर ब्रेनर आणि ग्रेस रिडेल यांनी ही पद्धत वापरण्याजोगी केली. विजेचा संबंध नसल्यामुळे चावीच्या खाचेत, भोकाच्या आत आणि कडेवर सर्वत्र थर सारखा चढतो, आणि यंत्रभागांच्या दृष्टीने हाच तिचा मोठा फायदा आहे.

त्यांनी मला पुन्हा प्रश्न विचारला : कठीणपणा हवा आहे की गंजापासून संरक्षण? ४०० अंश सेल्सिअसला तासभर तापवल्यास हा थर जवळपास हार्ड क्रोमइतका, म्हणजे क्रोमियमच्या अतिकठीण थराइतका, कठीण होतो, पण त्या तापवण्याने त्याची गंजरोधक शक्ती घटते. समुद्राच्या पाण्यात राहणाऱ्या शाफ्टसाठी जास्त फॉस्फरसचा, न तापवलेला आणि ५० मायक्रॉन जाडीचा थर घ्यावा, असे त्यांनी सुचवले. जाडीचे कारणही सांगितले. निकेल झिंकसारखे लोखंडासाठी झिजत नाही. थरात सुईच्या टोकाएवढे जरी छिद्र राहिले, तरी त्याखालचे पोलाद उघड्या लोखंडापेक्षाही वेगाने आत पोखरले जाते. म्हणून निकेलच्या बाबतीत थर छिद्ररहित असणे हेच सर्वस्व असते आणि पातळ थर छिद्ररहित मिळण्याची खात्री देता येत नाही.

थर दोन्ही बाजूंनी चढत असल्याने ५० मायक्रॉनला शाफ्टचा व्यास ०.१ मिलिमीटरने वाढणार होता. त्याप्रमाणे माझ्या टर्नरने बेअरिंगची जागा आधीच तेवढी कमी ठेवली. त्या दिवशी मी मुद्दाम थांबून काम पाहिले. साफसफाईनंतर शाफ्ट स्वच्छ पाण्यातून वर उचलला, तेव्हा तेथील अनुभवी कारागीर तो तिरपा धरून शांतपणे पाहत उभा राहिला. पाण्याची पातळ चादर शाफ्टवर अखंड राहिली तर पृष्ठभाग स्वच्छ; ती कुठे फाटून थेंब झाले तर तेथे अजून तेल आहे. पहिल्या खेपेला चावीच्या खाचेजवळ चादर फाटली. त्याने एक शब्दही न बोलता शाफ्ट पुन्हा डीग्रीसिंगच्या (तेल काढण्याच्या) टाकीत सोडला. दुसऱ्या खेपेला पाणी एकसंध राहिले, मगच शाफ्ट ॲसिडमधून पुढे गेला आणि वाफाळणाऱ्या हिरव्या द्रावणात उतरला. उतरताच त्याच्या सर्वांगावरून बारीक बुडबुडे सुटू लागले. द्रावणाचे तापमान ९० अंशांच्या जवळ ठेवावे लागते आणि थर तासाला १० ते २० मायक्रॉन एवढ्याच संथपणे चढतो, त्यामुळे काम संपेपर्यंत दुपार उलटली.

शाफ्टसोबत त्याच पोलादाचा एक लहान तुकडाही टाकीत टांगलेला होता. नंतर त्या तुकड्यावर रसायनात भिजवलेली कागदाची पट्टी दहा मिनिटे ठेवली. थरात छिद्र असेल, तर खालचे लोखंड त्या रसायनाशी मिळून कागदावर निळा ठिपका उमटवते. पट्टी उचलून उजेडात धरली तेव्हा ती पांढरी होती. शाफ्ट घरी आणून मायक्रोमीटरने चार ठिकाणी मोजला, बेअरिंग हलक्या ठोक्यांनी नीट बसले, आणि तो पंप गेले तीन हंगाम चालू आहे. मागच्या मासेमारी बंदीच्या काळात उघडून पाहिला, तेव्हा सीलखालच्या जागेवर थोडी झीज होती, खड्डा एकही नव्हता.

त्यांनी नाकारलेली आणखी दोन कामे येथे नोंदवतो, कारण त्यांच्यामुळे माझे मोठे नुकसान टळले. पहिले काम विंचच्या पायाच्या १२.९ श्रेणीच्या, म्हणजे अतिकठीण पोलादाच्या, बोल्टचे. असे बोल्ट मी पूर्वी दुसरीकडे प्लेट करून घेतले होते आणि आवळल्यानंतर दोन दिवसांनी, विंचवर काहीही भार नसताना, त्यांतील एकाचे डोके तुटून बाजूला पडलेले सापडले होते. पोलाद खराब असेल असे समजून मी तो विषय सोडला होता. येथे कारण कळले : ॲसिडमध्ये आणि प्लेटिंगच्या टाकीत तयार होणारा हायड्रोजन अतिकठीण पोलादात शिरतो आणि त्याला ठिसूळ करतो. प्लेटिंगनंतर सहसा चार तासांच्या आत २०० अंशांच्या आसपास भट्टीत ठेवून तो बाहेर काढावा लागतो आणि तरीही १२.९ श्रेणीत धोका उरतोच. जेथे बोल्ट तुटल्यास माणसाच्या अंगावर दोर सुटू शकतो, तेथे तो धोका आम्ही घेणार नाही, असे त्यांनी स्पष्ट सांगितले. त्यांनी आकार वाढवून त्याहून कमी कठीण ८.८ श्रेणीचे गॅल्व्हनाइज्ड बोल्ट वापरण्याचा सल्ला दिला आणि मी तसेच केले. विंचजवळ दिवसभर उभे राहणारे खलाशी माझ्या ओळखीचे आहेत. हा सल्ला मला फार मोलाचा वाटतो.

दुसरे काम आंब्याच्या गराच्या ट्रेचे. एका गिऱ्हाइकाला साध्या पत्र्याचे ट्रे झिंक करून हवे होते. आंब्याचा गर आम्ल असतो, आम्लात झिंक विरघळते आणि ते सरळ खाण्यात उतरते, म्हणून गराला लागणारा भाग स्टेनलेसचाच हवा, असे सांगून त्यांनी ट्रे परत केले. गिऱ्हाईक सुरुवातीला नाराज झाले, मग खर्च सोसून स्टेनलेसकडे वळले.

गॅल्व्हनायझिंग त्यांच्या आवारात होत नाही. ४५० अंशांच्या वितळलेल्या झिंकची कढई त्यांच्याकडे नाही आणि तसे ते पहिल्याच दिवशी सांगतात. माल गोळा करून ते घाटावर पाठवतात आणि परत आल्यावर स्वतः तपासून देतात. या मधल्या तपासणीचे महत्त्व मला पाइपच्या एका चौकटीवरून कळले. चौकटीचे पाइप आम्ही दोन्ही टोकांना वेल्डिंगने बंद केले होते. कारागिराने पाइपवर बोटाने टकटक केले आणि ड्रिल मागवले. बंद पाइपात हवा आणि ओल अडकलेली असते. तो वितळलेल्या झिंकमध्ये बुडवल्यास आतली वाफ पाइप फोडून बाहेर येते आणि कढईपाशी उभ्या असलेल्या माणसांच्या अंगावर झिंक उडते. त्याने प्रत्येक पाइपला वरच्या आणि खालच्या टोकाशी भोके पाडून घेतली. हे काम खरे तर माझ्या ड्रॉइंगमध्येच असायला हवे होते आणि आता ते असते. आट्यांबाबतही तीच गोष्ट. ६० अंशांच्या आट्यांवर थर चढला की पिच व्यास (आट्यांच्या उताराच्या मध्यावर मोजलेला व्यास) थराच्या चौपटीने वाढतो, म्हणून ५० मायक्रॉनच्या थराला ०.२ मिलिमीटरचा हिशेब धरावा लागतो आणि नटाचे आटे मोठे करून घ्यावे लागतात. हे आधी न कळल्याने आम्ही एकदा पन्नास नट पुन्हा टॅप करत बसलो होतो.

सांडपाण्याविषयी मी त्यांना आग्रहाने विचारले, कारण आमच्याकडचे बहुतेक नाले शेवटी खाडीला मिळतात आणि त्याच खाडीतल्या कालवांवर व मुळ्यांवर (शिंपल्यांवर) कित्येक घरे जगतात. मालकांनी मला थेट मागच्या बाजूला नेले. धुण्याचे पाणी एका टाकीत जमा होते, त्यात चुना घालून त्याचा पीएच वाढवला की झिंक आणि क्रोमियम गाळाच्या रूपाने तळाशी बसतात, आणि तो गाळ सुकवून अधिकृत प्रक्रिया केंद्राकडे जातो. इलेक्ट्रोलेस निकेलच्या वापरून झालेल्या द्रावणातील निकेल अशा साध्या चुन्याने पुरते खाली बसत नाही, कारण त्यातील इतर रसायने त्याला धरून ठेवतात. म्हणून ते द्रावण वेगळ्या ड्रममध्ये साठवून बाहेर पाठवले जाते. भूपृष्ठावरील पाण्यात सोडायच्या सांडपाण्यात सहा संयुजेच्या क्रोमियमची मर्यादा लिटरला केवळ ०.१ मिलिग्रॅम आहे. मुळात ते क्रोमियमच वापरायचे नाही आणि त्यासाठी हार्ड क्रोमची कामे सोडून द्यायची, हा निर्णय त्यांनी घेतला. त्यामुळे हायड्रॉलिक रॉडसारखी कामे मला आजही घाटावर न्यावी लागतात. गैरसोय होते, तरीही मला त्यांचा निर्णय योग्य वाटतो.

दर कमी नाहीत. झिंकचा दर किलोवर आहे आणि तो इतरांपेक्षा थोडा जास्त पडतो. निकेलचा दर क्षेत्रफळ व मायक्रॉन यांवर असून तो झिंकच्या कित्येक पट होतो. लहान लॉटला किमान शुल्क लावतात, त्यामुळे चार-सहा नगांसाठी तेथे जाणे परवडत नाही.

त्रुटीही सांगितल्या पाहिजेत. सर्वांत मोठी म्हणजे पावसाळ्यातील उशीर. १ जून ते ३१ जुलै या मासेमारी बंदीच्या काळात सगळ्या नौका किनाऱ्यावर असतात आणि सगळ्यांची दुरुस्ती एकाच वेळी निघते. त्याच दोन महिन्यांत वीज वारंवार जाते. गेल्या जुलैत आठ दिवसांचे काम त्यांनी बावीस दिवसांनी दिले आणि त्या काळात फोन लागणेही अवघड झाले होते. उशीर होणार हे आधी कळले असते, तर मी तांडेलाला तसा शब्द दिला नसता. उशिराचे एक कारण मात्र मला मान्य आहे. वीज गेल्याने निकेलचे द्रावण मध्येच थंड झाले होते, आणि अर्धवट थरावर दुसरा थर चढवल्यास तो पापुद्र्यासारखा सुटतो, म्हणून त्यांनी माझे दोन शाफ्ट पूर्ण सोलून पुन्हा केले आणि त्याचे पैसे घेतले नाहीत.

दुसरी त्रुटी पॅकिंगची. दोन वर्षांपूर्वी ऐन आषाढात गॅल्व्हनाइज्ड ब्रॅकेट एकमेकांवर रचून, ओलसर गोणपाटात गुंडाळून माझ्याकडे आले. आठवड्याने गोणपाट सोडले तेव्हा सगळ्यांवर पांढरी भुकटी धरलेली होती. नव्या झिंकला हवा खेळती मिळाली की त्यावर हळूहळू संरक्षक पापुद्रा तयार होतो. हवेविना नुसती ओल मिळाली की त्याचा हा पांढरा गंज होतो. ब्रश मारून भुकटी काढली आणि मोजले, तेव्हा जाडी ८० मायक्रॉनच्या वर होती, म्हणजे नुकसान वरवरचे होते. पण नवा माल त्या रूपात गिऱ्हाइकापुढे ठेवताना फार वाईट वाटले. तक्रार केल्यावर त्यांनी चूक मान्य केली. तरीही पुढच्या पावसाळ्यात पुन्हा एक गठ्ठा तसाच आला. आता मी माल आणायला जाताना सुक्या लाकडी पट्ट्या बरोबर नेतो, प्रत्येक थराच्या मध्ये त्या ठेवून टेम्पो स्वतः भरून घेतो, ताडपत्री फक्त वरून टाकतो आणि दोन्ही बाजू वाऱ्याला मोकळ्या ठेवतो.